चाचणी आणि निकाल : एका तक्त्याच्या नोंदी

८ जानेवारी

कामाची चौकट आज ठरली. सार्वत्रिक निवडणूक जवळ आली की दर दोन दिवसांनी नवी जनमत चाचणी येते. निकालाच्या रात्री 'चाचण्या पुन्हा तोंडघशी' म्हणून झालं की विषय मिटतो. कुठली चाचणी नेमकी किती चुकली, कुठल्या बाजूने चुकली, याचा हिशोब मराठीत एका जागी सापडत नाही. तो तक्ता आम्ही दोघं करतोय. माझी मैत्रीण संख्याशास्त्र शिकवते, ती आकडेमोड तपासणार. मी नोंदी भरणार आणि ही वही लिहिणार.

रकाने सध्या असे: देश, वर्ष, संस्था, फील्डवर्कच्या तारखा, नमुना, पद्धत (घरोघरी, फोन, ऑनलाइन), 'सांगता येत नाही' म्हणणारे किती, भारांकन (कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते) कशावर केलं, पैसे कोणी दिले. फील्डवर्कची, म्हणजे लोकांना प्रत्यक्ष प्रश्न विचारल्याची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख वेगळी, यावर मी अडून बसलोय. शनिवारी छापलेली चाचणी दहा दिवसांपूर्वीची असू शकते, आणि दहा दिवसांत युती तुटते, उमेदवार बदलतो.

१३ जानेवारी

सुरुवातीला दोन जुनी, घासून गुळगुळीत झालेली उदाहरणं. कंटाळवाणी असली तरी तक्त्यात हवीत.

अमेरिका, १९३६. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून कितीतरी जास्त परत आल्या. त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ लँडन ५७ टक्के घेऊन जिंकणार असं जाहीर झालं. रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने चिमूटभर नमुन्यावर रूझवेल्ट येणार हे सांगितलं होतं. डायजेस्टने पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदीतून घेतले होते, म्हणजे ऐन मंदीत खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे. हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते असं, की पत्ते बरे असते तरी गाडी घसरलीच असती, कारण मतपत्रिका भरून परत पाठवण्याची खुमखुमी रूझवेल्टवर चिडलेल्यांनाच जास्त होती. नमुना मोठा म्हणून चाचणी भरवशाची, हा समज तेव्हाच निकालात निघायला हवा होता. अजूनही 'लाखो लोकांचा महासर्व्हे' अशी जाहिरात चालते.

अमेरिका, १९४८. गॅलपची शेवटची चाचणी: ड्यूई पाच गुणांनी (गुण म्हणजे टक्क्यांतला फरक) पुढे. निकाल: ट्रुमन साडेचार गुणांनी विजयी. तेव्हा कोट्याची पद्धत होती. इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब असा कोटा ठरवून द्यायचा आणि त्यातली माणसं प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः निवडायची. साहजिकच तो भेटायला सोपी माणसं निवडणार. शिवाय चाचण्या घेणारे दुसरे एक, एल्मो रोपर, यांनी तर सप्टेंबरातच आता चित्र स्पष्ट आहे म्हणून काम थांबवलं होतं. फील्डवर्कच्या तारखेचा रकाना ठेवण्यामागे हेही एक कारण.

१८ जानेवारी

आज दिवसभर एकाच प्रश्नावर वाद: 'चूक' मोजायची कशी?

पहिला मार्ग, विजेता बरोबर सांगितला का? टीव्हीवर हाच वापरतात. दुसरा, प्रत्येक पक्षाच्या मतटक्क्यात किती फरक पडला. तिसरा, पहिल्या दोन पक्षांतल्या आघाडीत किती फरक पडला. मैत्रिणीचं मत तिसऱ्या बाजूने, आणि तिचं म्हणणं पटवायला तिने ब्रिटनच्या चार निवडणुका शेजारी-शेजारी मांडल्या.

१९९२: शेवटच्या चाचण्यांची सरासरी मजूर पक्षाला जेमतेम गुणभर पुढे दाखवत होती. हुजूर पक्ष साडेसात गुणांनी जिंकला. आघाडीतली चूक आठ-नऊ गुणांची. चौकशी समिती नेमली गेली, 'लाजाळू हुजूर मतदार' (हुजूर पक्षाला मत देणार हे चाचणीत न सांगणारा) हा वाक्प्रचार जन्माला आला.

२०१५: चाचण्यांत बरोबरी, ३४-३४ च्या आसपास. निकालात हुजूर पक्ष साडेसहा गुणांनी पुढे. पुन्हा चौकशी. पॅट्रिक स्टर्जिस यांच्या समितीने २०१६ साली ठपका ठेवला तो नमुन्यावर: मजूर पक्षाचे मतदार नमुन्यात प्रमाणाबाहेर भरले होते आणि भारांकनाने ते दुरुस्त झालं नाही. लोक खोटं बोलले किंवा शेवटच्या क्षणी फिरले, हे कारण मुख्य ठरलं नाही.

२०१७: मागच्या वेळी अंगाशी आलं म्हणून अनेक संस्थांनी 'मतदानाला कोण खरोखर जाणार' याची कडक गाळणी लावली आणि तरुणांचं वजन घटवलं. परिणाम उलटा. हुजूर पक्षाची आघाडी सात-आठ गुणांची सांगितली गेली, निघाली अडीचच्या आत-बाहेर.

२०२४: मजूर पक्ष सरासरी सतरा-अठरा गुणांनी पुढे. प्रत्यक्षात दहा. म्हणजे चूक सात-आठ गुणांची, १९९२ च्या पंगतीला बसणारी. यावर किती गदारोळ झाला? जवळजवळ काहीच नाही. मजूर पक्ष जिंकणार म्हणाले होते, जिंकला.

मी हे आकडे आधी पाहिले होते, पण असे एकाखाली एक पाहिले नव्हते. विजेता जुळला की सात गुण माफ, विजेता हुकला की तेवढ्याच चुकीसाठी समिती. अमेरिकेतही हेच. २०१६ मध्ये देशभराच्या चाचण्या क्लिंटन यांना तीन गुणांच्या आसपास पुढे दाखवत होत्या, मतं मिळाली २.१ गुणांनी जास्त. म्हणजे देशपातळीवर काम चोख. राज्यांत घात झाला. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियात शेवटच्या दिवसांत मन बनवणारे ट्रम्पकडे गेले, आणि बऱ्याच राज्य-चाचण्यांनी शिक्षणावर भारांकनच केलं नव्हतं. २०२० मध्ये मात्र देशपातळीवरची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती, असं जनमत संशोधकांच्या अमेरिकन संघटनेच्याच कार्यगटाने नोंदवलं. पण बायडन जिंकले. सर्वसामान्य वाचकाला विचारा, तो '२०१६ ला चाचण्या फसल्या' एवढंच सांगेल.

ठरलं. मुख्य रकाना आघाडीतल्या चुकीचा, चिन्हासकट: धन किंवा ऋण, कुणाच्या बाजूने झुकली ते कळायला. विजेत्याचा रकाना सध्या आहे, राहील की नाही बघू.

२५ जानेवारी

चाचणीच्या तळाशी बारीक अक्षरात 'अधिक-उणे ३ टक्के' लिहिलेलं असतं, म्हणजे नमुन्यामुळे येणारी त्रुटी, तिचा समाचार.

हजारांचा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) नमुना, पक्षाला ५० च्या आसपास टक्के, ९५ टक्के खात्री: अधिक-उणे ३.१. चार हजारांचा नमुना घेतला तर १.५५. चौपट खर्च करून अनिश्चितता निम्मी होते, म्हणून बहुतेक संस्था हजार-दोन हजारांवर थांबतात. मतदारसंख्या दहा कोटी असो की शंभर कोटी, या सूत्राला फारसा फरक पडत नाही. हे सांगितलं की समोरचा संशयाने बघतो, पण आहे तसंच.

खरा घोळ पुढे आहे. हा आकडा एका पक्षाच्या मतटक्क्याचा असतो. बातमी आघाडीची असते. एकाला जास्त गेलेलं मत बऱ्याचदा दुसऱ्याचं कमी झालेलं असतं, म्हणून आघाडीची अनिश्चितता जवळपास दुपटीकडे जाते. ३४-३४ अशी बरोबरी, नमुना हजार, तर आघाडीवर अधिक-उणे ५.१. 'अमुक पक्ष दोन गुणांनी पुढे सरकला' हा मथळा एका चाचणीच्या बळावर कधीच देता येत नाही, आणि आठवड्याला दोनदा दिला जातो.

आणि हे सगळं नमुना शुद्ध यादृच्छिक असेल तर. फोन उचलतंय कोण? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद होता, २०१८ मध्ये ६ टक्के. शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी बोलणंच टाळलं, तर सूत्रातला 'यादृच्छिक' हा शब्द बराच शोभेचा होतो.

२ फेब्रुवारी

भारांकनाचं उदाहरण तक्त्यासोबत द्यायचंय, कारण त्याशिवाय 'आकडे फिरवतात' हा आरोप कायम राहतो. आकडे फिरवतातच, पण कसे ते दिसू दे. खालचे आकडे काल्पनिक.

हजार माणसं बोलली. त्यात ६०० पदवीधर, ४०० बिगरपदवीधर. मतदारांत मात्र पदवीधर ३० टक्केच. 'क' पक्षाला पदवीधरांत ४० टक्के, बाकीच्यांत ५० टक्के पाठिंबा. सरळ बेरीज केली तर 'क' ला ४४ टक्के. आता प्रत्येक पदवीधराचं उत्तर अर्धं धरायचं, प्रत्येक बिगरपदवीधराचं पावणेदोन. मग नमुना ३०-७० असा बसतो आणि 'क' ४७ वर जातो. तीन गुण हलले, एकाही माणसाला नव्याने न विचारता.

याची किंमत असते. असं ओढूनताणून बसवलेल्या हजारांची ताकद सुमारे ७२७ जणांच्या शुद्ध नमुन्याइतकीच उरते. ३.१ चा आकडा ३.६ होतो. छापताना मात्र ३.१ च छापतात.

टोकाचं उदाहरण २०१६ च्या अमेरिकेतलं. एका चालू सर्वेक्षणात इलिनॉयमधला १९ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. भारांकनाच्या रकान्यांत त्याच्यासारखे फार कमी असल्याने त्याचं उत्तर सरासरी माणसाच्या तीस पटींपर्यंत मोजलं गेलं. तो ट्रम्प समर्थक होता. तो नमुन्यात असला की कृष्णवर्णीयांमधला ट्रम्प यांचा पाठिंबा उसळायचा, नसला की खाली यायचा. त्या तरुणाने काहीच वावगं केलं नाही. त्याला विचारलं, त्याने सांगितलं.

७ फेब्रुवारी

मैत्रिणीने आणखी एक दाखला दिला, तो जसाच्या तसा टिपून ठेवतो. २०१६ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सने फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांचा कच्चा विदा (डेटा) चार वेगवेगळ्या जाणकार गटांना दिला. तीच माणसं, तीच उत्तरं. एकाचा निष्कर्ष क्लिंटन चार गुणांनी पुढे, दुसऱ्याचा ट्रम्प एक गुणाने पुढे. पाच गुणांची तफावत आणि त्यात नमुन्याची त्रुटी शून्य, कारण नमुना एकच. फरक फक्त कुणाला संभाव्य मतदार धरायचं आणि भारांकन कशावर करायचं याचा. कुणीही लबाडी केली नव्हती.

११ फेब्रुवारी

'सांगता येत नाही'चा रकाना भरताना दमछाक. काही संस्था ही माणसं वगळून उरलेल्यांचे शंभर करतात, काही त्यांना 'मग झुकता कल कुणाकडे?' असं पुन्हा विचारतात, काही जाहीरच करत नाहीत. रिकामं ते रिकामंच ठेवतोय. अंदाजाने भरणार नाही.

१६ फेब्रुवारी

ऑस्ट्रेलिया, २०१९. हे पान सगळ्यात रंगलं.

तिथे पसंतीक्रमाने मतदान होतं, आणि शेवटी दोन बाजूंमध्ये किती मतं वाटली गेली हा आकडा काढतात. प्रचारभर चाचण्या लेबर पक्षाला ५१ ते ५२ देत राहिल्या. निकाल: सत्ताधारी युतीला ५१.५, लेबरला ४८.५. चूक तीन गुणांची, आघाडीत मोजली तर सहाची. यात जगावेगळं काही नाही. जगावेगळं आहे ते चाचण्यांचं आपसातलं एकमत.

हिशोब करून पाहिला. दीड हजारांचा नमुना घेतला तर प्रमाण विचलन (योगायोगाने आकडा साधारण किती इकडे-तिकडे होतो ते) सुमारे १.३ गुण. म्हणजे लेबरचं खरं प्रमाण अगदी ५१.५ असतं, तरी तीन चाचण्यांमागे एक ५०.२ च्या खाली किंवा ५२.८ च्या वर जायला हवी होती. सोळा चाचण्यांत अशा पाचेक. एखादी तर लेबरला हरताना दाखवायला हवी होती, निव्वळ योगायोगाने. तशी एकही नाही. खगोलशास्त्रज्ञ ब्रायन श्मिट, २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, यांनी निकालानंतर लिहिलं की सोळा चाचण्या इतक्या चिकटून येण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी. आकडे पूर्णांकात किंवा अर्ध्यात बसवल्याने थोडी चिकटाई येते हे मान्य, पण एवढी नाही.

याला कळपात जाणं म्हणतात. फसवणूक असेलच असं नाही. आपला आकडा इतरांपेक्षा चार गुणांनी वेगळा आला की कुठलीही संस्था आधी स्वतःचं भारांकन तपासते. आकडा इतरांसारखा आला की तपासत नाही. एवढ्यानेच कळप तयार होतो. ब्रिटनमध्ये २०१५ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी सर्वेशन या संस्थेच्या हाती हुजूर ३७, मजूर ३१ अशी चाचणी होती, निकालाला जवळजवळ भिडणारी. इतरांपेक्षा फारच वेगळी म्हणून त्यांनी ती छापली नाही, आणि नंतर प्रमुखांनी आपलं धाडस झालं नाही असं स्वतःच कबूल केलं.

म्हणून नवा रकाना: चाचण्यांचा आपसातला पसारा, आणि शेजारी नुसत्या योगायोगाने अपेक्षित असलेला पसारा. पहिला दुसऱ्याहून फारच कमी असेल तर ओळ पिवळी. सगळ्या चाचण्या एकच सांगतायत म्हणून निर्धास्त व्हायचं, ही सवय या पिवळ्या ओळीने थोडी मोडली तर बरं.

२२ फेब्रुवारी

मतांवरून जागा. इथे खरं तर वेगळा प्रकल्प होईल.

ब्रिटन: मजूर पक्षाला २०१७ मध्ये ४० टक्के मतं, २६२ जागा. २०२४ मध्ये ३३.७ टक्के मतं, ४११ जागा. भारत: भाजपला २०१९ मध्ये ३७.४ टक्के, ३०३ जागा. २०२४ मध्ये ३६.६ टक्के, २४० जागा. कॅनडा, २०१९: कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३४.३ टक्के आणि १२१ जागा, लिबरल पक्षाला ३३.१ टक्के आणि १५७ जागा.

भारताच्या ओळीकडे पुन्हा बघावं. एक गुणही नीट घसरला नाही आणि त्रेसष्ट जागा गेल्या. मतटक्का अधिक-उणे तीनच्या आत अचूक सांगणारी संस्थाही जागांमध्ये सपशेल आपटू शकते, कारण मतं कुठे घटली, कुठे वाढली आणि समोरचे एकत्र लढले का, हे सगळं त्या एका टक्क्याच्या पोटात दडलेलं असतं. ऐंशीच्या दशकात निवडणूक विश्लेषक प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांनी यासाठीच विरोधी ऐक्याचा निर्देशांक वापरला: विरोधकांच्या एकूण मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे किती. निर्देशांक पडला की त्याच मतांवर सत्ताधाऱ्यांना जास्त जागा. कल्पना साधी आहे, अजूनही कामाची आहे, आणि आजच्या बहुरंगी लढतींत नुसत्या तिच्यावर भागत नाही हेही तितकंच खरं.

ब्रिटनचा एक्झिट पोल इथे वेगळा उठून दिसतो. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ४१० सांगितल्या, मिळाल्या ४११. त्याच आठवड्यातल्या जनमत चाचण्या मतटक्क्यात इतक्या चुकल्या असताना! तिथे शक्य तितक्या त्याच मतदान केंद्रांवर पुन्हा जाऊन मागच्या वेळेपासून किती बदल झाला हे मोजतात. पातळीपेक्षा बदल मोजणं सोपं. शिवाय माणूस मत देऊन बाहेर आलेला असतो, तो जाणार की नाही हा प्रश्नच उरत नाही. जनमत चाचणी आणि एक्झिट पोल एकाच तक्त्यात टाकायचे नाहीत, हे आज पक्कं केलं.

२८ फेब्रुवारी

भारताच्या नोंदी. एक्झिट पोलचं पान वेगळं केलंय म्हणून आधी तेच.

२००४: बहुतेकांनी रालोआला २३० ते २७५ च्या आसपास जागा दिल्या, मिळाल्या १९० हूनही कमी. २०१४: बहुतेकांनी २५० ते २९० दिल्या, एकाच संस्थेने ३४०; मिळाल्या ३३६. २०२४: बहुतेकांनी ३५० च्या पुढे नेल्या, आल्या २९३. तिन्ही वेळा साधारण साठेक जागांची चूक, कधी इकडे, कधी तिकडे. यातलं २०१४ कुणाच्या लक्षातही नाही, कारण सरकार त्यांचंच आलं. ब्रिटनच्या पानावर जे दिसलं तेच इथे.

आता निवडणूकपूर्व चाचण्या. पद्धतीच्या बाजूने पाहिलं तर सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेची परंपरा सर्वांत उघड आहे. १९६७ पासूनची त्यांची राष्ट्रीय निवडणूक अभ्यासमालिका. मतदारसंघ आणि मतदान केंद्रं नमुना पद्धतीने निवडायची, मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं उचलायची आणि त्या नावाच्या माणसाकडेच जायचं. कुणाला मत देणार हे तोंडी विचारायचं नाही, नमुना मतपत्रिका हातात द्यायची, शिक्का मारून ती पेटीत टाकायला सांगायची. शेजारी दीर-सासरे उभे असताना बाईने तोंडी काय सांगितलं आणि घडी घालून पेटीत काय टाकलं, यात फरक पडू शकतो, हे फील्डवर फिरलेल्या कुणालाही समजावावं लागत नाही. अर्थात ही पद्धत महाग आणि संथ. फोनवरची चाचणी दोन दिवसांत होते.

कायद्याने वेळापत्रकही वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ क कलमाने, म्हणजे २००९ च्या दुरुस्तीने आलेल्या '१२६ ए'ने, पहिल्या टप्प्याच्या मतदानापासून शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करायला बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ ला सात टप्पे होते, १९ एप्रिल ते १ जून. शिवाय त्या-त्या टप्प्याचं मतदान संपण्याआधीचे ४८ तास जनमत चाचण्यांचे निकालही दाखवता येत नाहीत. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीची चाचणी शेवटच्या टप्प्यापासून जवळजवळ दोन महिने दूर पडते.

इतर देशांतही खिडकी सारखी नाही. इटलीत मतदानाआधीचे १५ दिवस चाचण्या छापायला बंदी, दक्षिण कोरियात ६ दिवस. म्हणजे 'शेवटच्या आठवड्यातल्या चाचण्या' ही आमची व्याख्या इटलीला लावली तर पान कोरं. व्याख्या बदलली: 'कायद्याने छापता आलेल्या शेवटच्या सात दिवसांतल्या', आणि मतदानापर्यंतचं अंतर दिवसांत, वेगळ्या रकान्यात.

६ मार्च

चाचणीच्या आकड्याभोवती अधिक-उण्याचा पट्टा किती रुंद दाखवायचा, याचा निर्णय.

शिरानी-मेहर, रॉथ्सचाइल्ड, गोएल आणि गेलमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ६०८ राज्यपातळीवरच्या लढतींच्या ४,२२१ चाचण्या तपासल्या, १९९८ ते २०१४ मधल्या, मतदानाआधीच्या शेवटच्या आठवड्यांतल्या. प्रत्यक्ष चूक सरासरी साडेतीन गुणांची निघाली, छापलेल्या त्रुटीवरून अपेक्षित होती त्याच्या साधारण दुप्पट. आणि त्यातला मोठा भाग एका लढतीच्या सगळ्या चाचण्यांत सामाईक होता. म्हणजे दहा चाचण्यांची सरासरी काढली तरी तो भाग धुऊन जात नाही. सरासरी काढावी, ती एकेका चाचणीपेक्षा बरी असतेच, पण तिच्यावर नमुन्यांची बेरीज करून 'अधिक-उणे १' लिहिणं शुद्ध धूळफेक.

दुसऱ्या पारड्यात जेनिंग्ज आणि व्लेझियन यांचा अभ्यास, तोही २०१८ चा: ४५ देश, ३५१ सार्वत्रिक निवडणुका, १९४२ ते २०१७, तीस हजारांहून जास्त चाचण्या. चाचण्या पूर्वीपेक्षा जास्त चुकू लागल्यात याला त्यांना पुरावा मिळाला नाही. 'हल्ली चाचण्यांचा काही भरवसा राहिला नाही' हे वाक्य गप्पांत चालतं, तक्त्यात नाही.

मैत्रीण म्हणाली, छापलेल्या त्रुटीची दुप्पट घे, आणि आघाडीसाठी आघाडीचंच सूत्र लाव. तसं केलं. हजारांच्या चाचणीत ३४-३४ च्या बरोबरीवर आता पट्टा अधिक-उणे दहाचा येतो. ब्रिटनच्या चारही निवडणुका त्या पट्ट्यात बसतात, १९९२ सुद्धा. माझी पहिली प्रतिक्रिया: एवढा रुंद पट्टा दाखवला तर वाचक म्हणेल, मग चाचणी हवी कशाला? तिचं उत्तर सरळ होतं. पक्ष वीस गुणांनी पुढे आहे की बरोबरीत, एवढं तरी चाचणी सांगते, आणि चाचणी नसेल तर तेही सभेतल्या गर्दीवरून ठरवलं जातं.

१२ मार्च

तक्ता पहिल्यांदा बाहेरच्या तिघांना दाखवला. तिघांनीही आधी विजेत्याचा रकाना वाचला, हिरवं-लाल पाहिलं आणि बाकी ओळ सोडून दिली. रकाना काढून टाकला.

नव्या निवडणुकीच्या चाचण्या येऊ लागतील तेव्हासाठी नियम लिहून ठेवले. फील्डवर्कच्या तारखा, नमुना आणि पद्धत यांपैकी एकही जाहीर नसेल तर चाचणी यादीत येईल, सरासरीत नाही. कॅनडात हा तपशील, पैसे देणाऱ्याच्या नावासकट, चाचणीसोबत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तिथला प्रश्न मिटलेला. इतरत्र पैशांचा रकाना रिकामाच जास्त. पक्षाने स्वतःसाठी करून घेतलेली आणि मग सोयीची म्हणून बाहेर सोडलेली चाचणी वेगळ्या रंगात, कारण गैरसोयीची त्यांनी सोडलीच नसती. जागांचा अंदाज आम्ही काढणार नाही. संस्थेने काढला असेल तर मतटक्क्यापासून लांब, वेगळ्या पानावर.

ओळींचा क्रम तारखेने नको, आघाडीतल्या चुकीच्या आकाराने लावायचा, असं ठरलं. लावला. ब्रिटन १९९२ आणि ब्रिटन २०२४ आता जवळजवळ एकाखाली एक आलेत, अमेरिका १९४८ त्यांच्या वर. कॅनडाच्या २०२१ च्या नोंदी आणि दक्षिण कोरियाचं पान बाकी आहे, ते पुढच्या आठवड्यात.